दहापैकी दहा

घड्याळ, पेन, खिडकी. माझ्या क्लासच्या खोलीत या तिन्ही वस्तू आहेत आणि त्यातली एकही काढून टाकता येत नाही. घड्याळाशिवाय क्लास चालत नाही, पेनं तर पोरागणिक दोन-दोन असतात, आणि खिडकी बिल्डरने जिथे ठेवली तिथेच राहणार. गेलं वर्षभर मी शिकवताना फळ्याकडे तरी बघते, नाहीतर पोरांच्या डोक्यांवरून कपाटाकडे. बाईंची मान अवघडली आहे, असं पोरांना वाटतं. मी वाटू देते.

नेरूळला मी नववी-दहावीचे क्लास घेते, आता सव्वीस वर्षं झाली. स्वभावाने कडक आहे. हात कधी उगारला नाही, पण तोंडाने सोलून काढते. माझ्याकडचं पोर नापास होत नाही, कारण मी त्याला चुकायला सवडच देत नाही. पेपरात काय येणार हे मला आधी कळतं, आणि ते मी पोराकडून इतकं घोटून घेते की झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर बाहेर पडावं. काही शहाणे याला पोपटपंची म्हणतात. म्हणोत बापडे. दहावी आली की त्यांचीही पोरं माझ्याच दारात येतात.

पण ही गोष्ट क्लासची नाही, माझ्या धाकट्या भावाची आहे. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई सतत आजारी, त्यामुळे त्याची पाटी मीच धरली. आमचे वडील वाशीला एपीएमसी मार्केटमध्ये, कांदा-बटाट्याच्या बाजारात तोलणार होते. गोण काट्यावर पडली की वजन मोठ्याने पुकारायचं आणि उभ्या उभ्या वहीत टिपायचं, हे त्यांचं काम. पुढे भावानेही तेच धरलं. वर श्री काढल्याशिवाय वहीचं पान सुरू करायचं नाही, हा वडिलांचा नियम होता, आणि तो भावाच्या हातात मी घातला. श्री विसरला की मी पान टरकावून द्यायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे. पाच-सहा वर्षांचं पोर ते. रडत रडत लिहायचं, पण श्री काढायचं.

मोठेपणी तो किराण्याची यादी लिहायचा तरी वर श्री असायचा. लग्न त्याने केलं नाही. का, हे विचारून विचारून मी थकले. शिरवण्याला एका खोलीत राहायचा, रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या नवऱ्याशी क्रिकेटवरून भांडायचा. दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले तेव्हा गोणी लागल्या असतील म्हणाला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा ब्रश बदलला. अशक्तपणाने बाजारातच खाली बसला, तेव्हा कुठे रक्त तपासलं. रक्ताचा कॅन्सर होता. केमोने कॅन्सर गेला, सात-आठ महिने तोंड लपवून बसला आणि परत आला.

तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या उपचाराचं सांगितलं. डॉक्टर म्हणजे माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी, पण बोलणं स्वच्छ. म्हणाली, ‘अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. यांच्याही आहेत. पण कॅन्सरची पेशी समोरून जाते आणि त्या तिला ओळखतच नाहीत. आपण त्या पेशी रक्तातून काढून प्रयोगशाळेत पाठवायच्या. तिथे त्यांच्यात बदल करून त्यांना ओळखायला शिकवतात, त्यांची संख्या वाढवतात, आणि मग त्या पुन्हा यांच्याच अंगात सोडायच्या.’

‘म्हणजे क्लासला घालायच्या,’ मी म्हणाले.

ती हसली. भाऊ म्हणाला, ‘बघा मॅडम, मी कसाबसा सुटलो होतो हिच्या क्लासमधून, आता माझ्या पेशी अडकल्या.’

मग ती गंभीर झाली. पेशी जोरात कामाला लागल्या की ताप येतो, आणि काही जणांच्या मेंदूवर परिणाम होतो, म्हणाली. लवकर लक्षात आलं तर बहुतेक वेळा आवरता येतं. ‘लवकर लक्षात आलं तर,’ हे ती दोनदा म्हणाली. मी मान डोलावली. माझ्यासारखी लक्ष ठेवणारी बाई तिला दुसरी कुठे मिळाली असती?

पेशी काढल्या त्या दिवशी तो चार-पाच तास यंत्राशेजारी पडून होता. एका नळीने रक्त बाहेर जात होतं, दुसरीने आत येत होतं. त्याचं काही वाटलं नाही. पण पिशवी घेऊन माणूस निघाला तेव्हा भाऊ दारापर्यंत डोळ्यांनी त्याच्यामागे गेला. पुढचे काही आठवडे तो माझ्याकडेच राहिला. मध्येच विचारायचा, ‘आता कितवीत असतील गं?’ मी म्हणायचे, ‘चाचणी परीक्षा चालू आहे.’

नवी मुंबईतल्याच एका हॉस्पिटलात त्याला दाखल केलं. आधी तीन दिवस केमो, मग विश्रांती, मग तो दिवस. गोठवलेली पिशवी धुरासकट आली, कोमट पाण्यात धरली आणि चढवली. तो पिशवीकडे बघत म्हणाला, ‘एवढंच? पाव किलोपण नसेल.’ अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. थोड्या वेळाने खोलीभर लसणाचा वास सुटला. पेशी टिकाव्यात म्हणून त्यात जे औषध असतं, त्याचा तो वास रुग्णाच्या श्वासातून येतो, असं सिस्टर म्हणाली. भाऊ खूश. ‘ताई, टेन्शन नको घेऊ. लसणाच्या गाळ्यावर बसल्यासारखं वाटतंय.’ दोन दिवस तो वास गेला नाही. मी आजही आमटीला लसणाची फोडणी घालत नाही. नवरा विचारत नाही, आणि मी सांगत नाही.

खोलीत एकाच नातेवाइकाला राहता यायचं. ती मी. क्लास नवऱ्याने आणि एका जुन्या विद्यार्थिनीने सांभाळले.

मेंदूवर परिणाम होतो आहे का, हे बघायला रोज सकाळ-संध्याकाळ एक परीक्षा असायची, दहा गुणांची. सिस्टर यायची. ती घणसोली गावातली, बोलायला मोकळी. वर्ष कुठलं, महिना कुठला, गाव कुठलं, हे हॉस्पिटल कुठलं, असं विचारायची. मग भिंतीवरचं घड्याळ, हातातलं पेन आणि खिडकी बोटाने दाखवून नावं विचारायची. दोन बोटं दाखवा म्हणायची. शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजायला लावायची. आणि शेवटी एक वाक्य लिहायला सांगायची, रोज तेच, म्हणजे कालच्या अक्षराशी आजचं ताडून बघता येतं.

पहिल्या दिवशी तिने सुट्टा कागद पुढे केला. मला सुट्टे कागद खपत नाहीत. मी नवऱ्याला सांगून शंभर पानी वही मागवली. भावाने वाक्य स्वतः निवडलं. वर श्री काढला आणि खाली लिहिलं, ‘आज बाजारात कांद्याची आवक चांगली आहे.’ राउंडला आलेल्या डॉक्टरने वही पाहिली आणि विचारलं, ‘हा श्री रोज घालता?’ तो म्हणाला, ‘श्री नाही तर पान नाही, मॅडम.’ ती म्हणाली, ‘मग मला हे वाक्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. ज्या दिवशी श्री विसराल त्या दिवशी मी सावध होईन.’

हे माझ्यासमोर झालं. मी ऐकलं. नीट ऐकलं.

आता माझी खोड. रोज तीच प्रश्नपत्रिका, आणि ती मला ठाऊक. पेपर फुटलेला असताना तयारी करून घ्यायची नाही, हे मला जमेना. सिस्टर यायच्या पाव तास आधी मी त्याची उजळणी घ्यायला लागले. ‘घड्याळ, पेन, खिडकी. म्हण.’ तो हसायचा, पण म्हणायचा. लहानपणापासून सवय. ‘शंभर, नव्वद, ऐंशी.’ दुसऱ्या दिवशी ताप चढला, तीन-चार औषधं झाली, अंग भाजत होतं, तरी मी उजळणी सोडली नाही. पेशी कामाला लागल्यात, ताप येणारच, असं डॉक्टर म्हणत होती. सिस्टर एकदा लवकर आली आणि तिने आम्हाला पकडलं.

‘ताई, त्यांना उत्तरं शिकवू नका,’ ती म्हणाली. ‘चुकलं तं चुकू दे. आमाला चूकच पायजे हाय.’

मी ‘बरं’ म्हणाले. सव्वीस वर्षं मी पोरांच्या चुका खुडते आहे, आणि ही काल आलेली मुलगी मला सांगते, चूक पाहिजे. मनात असं आलं, खोटं कशाला बोलू. तिची पाठ वळल्यावर मी पुन्हा सुरुवात केली.

त्याच दिवशी पाण्याच्या कूलरपाशी दुसऱ्या एका रुग्णाची बहीण भेटली. म्हणाली, ‘परीक्षेत एकदा घसरला ना पेशंट, की स्टेरॉइड देतात. आणि त्याने त्या पेशीच मरतात. सगळं पाण्यात.’ मी डॉक्टरला विचारायला हवं होतं. शंका आली की हात वर करा, हे मी पोरांना रोज सांगते. मी हात वर केला नाही. घरी येणाऱ्या पाहुण्यासारखी ती भीती मी खोलीत आणून बसवली.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरलेला होता. मला हायसं वाटलं. तो उशीला टेकून बसला होता आणि बोटांनी चादरीची कड चाचपत होता, गोणीचं तोंड शिवलेलं आहे का हे बघतात तशी. मी घड्याळाकडे बोट केलं. तो बोटाकडेच बघत राहिला. मी म्हणाले, ‘घड्याळ.’ तो म्हणाला, ‘घड्याळ.’ पेनाला तो काटा म्हणाला. मी म्हणाले, ‘नीट बघ. पेन.’ सात-आठ वेळा घोटून घेतलं. झोप पूर्ण झालेली नाही, मी स्वतःला सांगितलं. आठव्या वेळेला त्याने तिन्ही शब्द न अडखळता म्हटले आणि मी त्याच्या गालावर हात फिरवला.

सिस्टर आली. तिने बोट उचलायच्या आधीच तो म्हणाला, ‘घड्याळ, पेन, खिडकी.’ ती हसली. ‘दादा तं आज एक नंबर हाय.’ वर्ष, महिना, गाव सगळं सांगितलं त्याने, एका सुरात. ती म्हणाली, दोन बोटं दाखवा. तो नुसता बघत होता. मी तिच्या पाठीमागे उभी होते. मी माझी दोन बोटं वर केली. त्याने मला बघून दोन वर केली. माझ्या क्लासच्या परीक्षेत अशा खुणा करणाऱ्या किती पोरांना मी बाहेर काढलं आहे. मग त्याने वाक्य लिहिलं. अक्षर थोडं बसकं, पण सरळ. आज बाजारात कांद्याची आवक चांगली आहे. सिस्टरने तक्त्यावर दहा लिहिले आणि शेजारच्या खोलीतली घंटा वाजली म्हणून ती गेली.

वही माझ्या हातात राहिली. पानावर श्री नव्हता.

मला कळलं. लगेच कळलं. इथे मी कुणाला फसवत नाही. आणि मग मी पेन उघडलं आणि वर श्री काढला. त्याच्या श्रीची वेलांटी शेवटी झटक्याने वळते, तशी वळवली. एखाद्या हुशार पोराकडून प्रश्नाचा नंबर घालायचा राहून गेला की मी कधी कधी घालून देते, तितक्याच सहज. वाटलं, उत्तर तर बरोबर आहे. एवढ्यासाठी पेशी कशाला मारू द्यायच्या?

दहाच्या सुमाराला डॉक्टर आली. त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, कसं वाटतंय म्हणाली, तो ‘हो’ म्हणाला. तिने वही उघडली. ‘श्री आहे. छान,’ म्हणाली आणि वही माझ्याकडे दिली.

त्यानंतरचे तास मी अजून बसून काढते आहे. तो अर्धवट झोपेत होता. मधूनच ओठ हलायचे. खिडकीबाहेर कुठल्याशा टॉवरचं काम चालू होतं आणि क्रेनवर एक माणूस डबा खात होता, तो मला आजही जसाच्या तसा दिसतो. दारापर्यंत मी तीनदा गेले. घंटेचं बटण पलंगाला बांधलेलं होतं, हाताच्या अंतरावर. दुपारी दोनला नवरा गेटवर डबा घेऊन आला. ‘कसा आहे?’ त्याने विचारलं. मी म्हणाले, ‘दहापैकी दहा.’ तो इतका खूश झाला की मला त्याच्याकडे बघवेना.

वर आले तर भाऊ जागा होता. माझ्याकडे बघत होता. बस थांब्यावर अनोळखी बाईकडे बघावं तसं, सभ्यपणे. मी म्हणाले, ‘अरे, जेवतोस ना?’ काही नाही. मी जवळ गेले. ‘मी कोण? ओळखलंस का मला?’

तो जरासा हसला. उत्तर येत असलेल्या पोराच्या चेहऱ्यावर येतं तसलं हसू.

‘घड्याळ, पेन, खिडकी,’ तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. ‘शंभर, नव्वद, ऐंशी,’ तो म्हणाला. ‘ऐंशी. ऐंशी. ऐंशी.’ मी घंटा दाबली. ती माणसं आत येईपर्यंत त्याचं अंग ताठ झालं होतं आणि त्याला झटके यायला लागले होते.

तीन दिवस तो आयसीयूत होता. स्टेरॉइड दिलंच. बाहेर उभी असताना डॉक्टरने मला विचारलं, ‘सकाळी अगदी ठीक होते ना?’ मी हो म्हणाले. ती स्वतःशीच म्हणाली, ‘वहीतही ठीकच होतं.’ ड्यूटी संपवून जाताना सिस्टर माझ्यापाशी थांबली. तिचे डोळे लाल होते. ‘ताई, सकाळी तुमाला काय वेगला वाटला नाय ना? मला कसा दिसला नाय?’ तिला स्वतःची चूक वाटत होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, ‘नाही गं. तुझी काय चूक.’ तिने माझा हात दाबला आणि गेली.

वहीत पुढची तीन पानं आहेत. एकावर नुसती रेघ आहे, कागदाच्या बाहेर गेलेली. दुसऱ्यावर गोल गोल काढलेलं काहीतरी. तिसऱ्यावर ‘आज बाजा’ आणि पुढे काही नाही. चौथ्या दिवशी त्याने वाकडातिकडा श्री काढला, खाली पूर्ण वाक्य लिहिलं, आणि मला म्हणाला, ‘ताई, तू का रडतेस? आवक चांगली आहे.’

महिन्याने अस्थिमज्जा तपासली. कॅन्सर नव्हता. पुढच्या तपासण्यांतही नव्हता. शिकवलेल्या पेशींनी शिकवलेलं काम चोख केलं. स्टेरॉइडने त्या मेल्या नाहीत. डॉक्टर सहज बोलताना म्हणाली की वेळेवर आणि थोडे दिवस दिलं तर सहसा काही बिघडत नाही. मी त्या वेळी तिच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

भाऊ बाजारात परत गेला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पंधरा दिवसांत त्याला तोलाईवरून काढून गेटजवळ पावत्या लिहायला बसवलं. काट्यावरचा आकडा त्याला दिसतो, पण शब्द तोंडात यायला वेळ लागतो. साडेबावन्न म्हणायला तो थांबतो, तोवर हमालाने गोण उचललेली असते, आणि बाजार कुणासाठी थांबत नाही. वडिलांसारखा खणखणीत पुकारा होता त्याचा, चार गाळे पलीकडे ऐकू जायचा. त्याने तक्रार केली नाही. म्हणाला, ‘बसून काम आहे, बरंय की.’ माझ्याकडे जेवताना कधी कधी तो वाटीकडे बोट करतो आणि थांबतो. नवरा पटकन म्हणतो, ‘वाटी.’ मला तेवढ्या थांबण्यात ते पाच तास ऐकू येतात. झटक्यांमुळे असेल, केमोमुळेही असतं, नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली. पण तिने ते माझ्यामुळे खोटा झालेला पेपर तपासून सांगितलं होतं, आणि हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. खाई त्याला खवखवे, म्हणतात. वर्षभर मला खवखवतं आहे. क्लासमध्ये पोरं एका सुरात पाठ म्हणायला लागली की मला तो सूर सहन होत नाही. मी घोकंपट्टी बंद केली. पालक कुरकुरतात, बाई पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. खरं आहे.

परवा शनिवारी आम्ही रद्दी काढत होतो. भाऊ मदतीला आला होता, जमिनीवर मांडी घालून जुन्या उत्तरपत्रिका बांधत होता. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले तर ती वही त्याच्या मांडीवर उघडी होती. सहामाहीच्या गठ्ठ्यात मीच ती लपवली होती. शिक्षिकेला लपवायलाही उत्तरपत्रिकाच सापडल्या.

तो एक एक पान उलटत होता, सावकाश, जीभ दातांत धरून. त्याला ते दिवस आठवत नाहीत. एका पानावर तो थांबला. बोट ठेवलं. मागचं पान बघितलं, पुन्हा पुढचं.

‘हा श्री माझा नाही,’ तो म्हणाला.

मी म्हणाले, ‘आजारी होतास. अक्षर बदललं असेल.’

‘खालची ओळ माझीच आहे. अक्षर बदललं असतं तर खालचंपण बदललं असतं ना.’ तो वही डोळ्यांजवळ नेत म्हणाला. ‘हा तुझा आहे, ताई. पाटीवरचा.’

मी खाली बसले. चहा तसाच राहिला. मी सगळं सांगितलं. उजळणी, कूलरजवळची बाई, पाठीमागून दाखवलेली दोन बोटं, श्री. सिस्टरने लाल डोळ्यांनी विचारलं तेही. शेवटी त्याने विचारलं, ‘किती वेळ?’

‘पाच तास.’

‘तू तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काट्यावर असतो?’

‘माहीत नाही रे,’ मी म्हणाले. ‘खरंच माहीत नाही.’

त्याने मान हलवली. मला वाटलं उठून जाईल. गेला असता तर मला समजलं असतं, कदाचित सोपंही वाटलं असतं. त्याने वही मिटली आणि आपल्या पिशवीत टाकली.

‘बुधवारी तपासणीला जायचंय ना. डॉक्टरला दाखवू. त्या सिस्टरपण असतील तर त्यांनापण. उगाच वर्षभर आपलीच चूक समजत बसल्या असतील.’ मग शब्द शोधत थांबला, आणि या वेळी तो त्याला सापडला. ‘त्यांना चूक पाहिजे असते ना? मग देऊ त्यांना. पुढच्या पेशंटच्या बहिणीला सांगायला कामाला येईल.’

मी विचारलं, ‘तू सांगशील?’

‘मी कशाला? मला आठवतंय काय?’ तो म्हणाला. ‘तूच सांगायचंस. मी बाजूला बसतो.’ दाराशी चपला घालताना तो वळला. हसत नव्हता, पण रागावलेलाही वाटला नाही. ‘आणि ताई, पाठ करून येऊ नकोस.’

आज सोमवार आहे. सकाळपासून मी पहिलं वाक्य घोकते आहे.